संध्याकाळी साडेपाच ते रात्री नऊ : अरबटचरबट खाण्याची ओढ कशी थोपवता?

मुठेकाठी | ९ जून, रात्री १०.५२

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे फक्त वाचते आहे. आज पहिल्यांदा स्वतः धागा काढतेय, कारण घरात बोलून बोलून थकले.

वय ३८, नोकरी हिंजवडीला, राहायला सिंहगड रोड. मागच्या महिन्यात वार्षिक तपासणीत एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली रक्तातली सरासरी साखर) ६.१ आलं. डॉक्टर म्हणाल्या, ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. औषध लगेच नको, तीन महिने खाणं आणि चालणं सुधारा, मग परत बघू. माझी उंची १५८ सेंमी, वजन ५६ किलो. आजवर मला कुणी जाड म्हटलेलं नाही, त्यामुळे रिपोर्टवर विश्वासच बसेना.

जेवण साधंच असतं. सगळी गडबड संध्याकाळी होते. साडेपाचला शेवटचा कॉल संपतो. बसस्टॉपच्या कोपऱ्यावर वडापावची गाडी आहे. मी पोचते तेव्हा नेमका घाणा निघत असतो. तो माणूस झाऱ्यातले वडे कढईच्या काठावर दोनदा आपटतो, तेल निथळतं, आणि वडे परातीत पडतात. तो आवाज आला की माझे पाय वळतातच. पाऊस असला तर विचारूच नका. गाडी नसेल त्या दिवशी पॅन्ट्रीतलं वेफर्सचं पाकीट. मग दीड तास बस. साडेसातला घरी, आणि कुकर होईपर्यंत ओट्याशी उभ्याउभ्या डब्यातलं फरसाण. त्यातली मूठ कधी मोजली जात नाही. सव्वानऊला जेवायला बसते तेव्हा भूक मेलेली, आणि रात्री अकराला पुन्हा काहीतरी गोड हवंसं वाटतं.

रोज सकाळी ठरवते. संध्याकाळी ते ठरवलेलं आठवतंसुद्धा, तरी हात जातो. याचंच जास्त वाईट वाटतं.

माझ्या आईला मधुमेह होता. तिच्या पायाची जखम आठ महिने भरली नव्हती, ड्रेसिंग मी करायचे. माझ्या लेकीवर ती वेळ येऊ नये, एवढंच मनात आहे. तुम्हाला खरंच उपयोगी पडलं असेल ते सांगा, प्लीज.

सातारी_फुटाणा | ९ जून, रात्री ११.२०

ताई, आधी एवढं सांगा : सकाळपासून काय काय आणि किती वाजता खाता? आणि झोप किती होते?

मुठेकाठी | ९ जून, रात्री ११.३१

सकाळी ७ ला चहा आणि दोन बिस्किटं. पोहे-उपमा आठवड्यातून दोन-तीनदा, वेळ मिळाला तर. पावणेएकला डबा : दोन पोळ्या आणि भाजी. वरण सांडतं म्हणून नेत नाही. चारला चहा. झोप साडेपाच तास, क्वचित सहा.

सातारी_फुटाणा | १० जून, सकाळी ६.१५

पावणेएक ते सव्वानऊ म्हणजे साडेआठ तास. दोन जेवणांमध्ये एवढं अंतर आणि मध्ये फक्त चहा. अशा पोटाने तळणीसमोर उभं राहिलं तर कुणाचाही हात जाईल. तुम्ही स्वतःला बोल लावू नका.

मी बँकेत आहे. मार्च अखेरीला रात्री दहा वाजायचे आणि रोज समोसे यायचे. तीन वर्षं तसंच चाललं, पोट सुटलं, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) वाढलं. मला कामी आलेली गोष्ट अगदी साधी आहे. ड्रॉवरमध्ये स्टीलची डबी, त्यात भाजलेले शेंगदाणे आणि फुटाणे निम्मे निम्मे, एक मूठ. साडेचारला खायचे. भूक असो वा नसो, घड्याळ बघून. मग सहा वाजता समोसे आले तरी ते समोर पडलेले असतात आणि मी काम करत असतो. वास येतो, बरा वाटतो, तेवढंच.

पहिले आठ-दहा दिवस मजा येणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. फुटाणे वेफर्ससारखे लागत नाहीत.

तालीम | १० जून, सकाळी ७.०२

थोडं वेगळं मत मांडतो, राग मानू नका. मी कोल्हापूरचा, लहानपणापासून लाल मातीत वाढलो. वस्ताद म्हणायचे, जीभ ताब्यात नसेल तर अंग कधीच ताब्यात येणार नाही. १४ महिने झाले, साखर, मैदा, तळण पूर्ण बंद. लग्नात नाही, जत्रेत नाही. एकदा "आज एकच" म्हटलं की ते एक कधी एक राहत नाही. बंद म्हणजे बंद. पंधरा दिवस जड गेले, नंतर मन शांत झालं. ताई, तुम्हीही करून बघा.

मुठेकाठी | १० जून, सकाळी ८.४०

दादा, राग कसला. तुमच्या १४ महिन्यांचं मनापासून कौतुक. मी तीनदा "पूर्ण बंद" केलंय. सगळ्यात जास्त टिकलं ते अकरा दिवस. बाराव्या दिवशी दोन वडापाव आणि अख्खं पाकीट एकाच संध्याकाळी खाल्लं, आणि रात्री रडले. तुमच्यासारखं मला जमलं तर हवंच आहे, पण चौथ्यांदा तेच करायची भीती वाटते.

आहारवेल | १० जून, दुपारी २.१०

मी नागपूरला आहारतज्ज्ञ आहे. सविस्तर लिहिते, कारण तुमच्यासारख्या बायका माझ्याकडे रोज येतात आणि जवळजवळ प्रत्येक जण "माझंच मन कच्चं" असं म्हणत येते. मला ते ऐकवत नाही.

पाकिटातलं खाणं थांबवणं अवघड जातं, त्याला कारणं आहेत. २०१९ साली अमेरिकेत केव्हिन हॉल यांच्या गटाने २० जणांना चार आठवडे संशोधन केंद्रातच ठेवून घेतलं. दोन आठवडे कारखान्यात खूप प्रक्रिया केलेलं अन्न, दोन आठवडे घरी शिजवतो तसं साधं अन्न. समोर ठेवलेल्या दोन्ही जेवणांतल्या कॅलरी, साखर, चरबी, मीठ, चोथा सारखे जुळवलेले, आणि हवं तेवढं खायची मुभा. प्रक्रियेच्या अन्नावर असताना तीच माणसं दिवसाला साधारण ५०० कॅलरी जास्त खात होती. दोन आठवड्यांत वजन सुमारे ०.९ किलोने वाढलं, आणि साध्या अन्नावर तेवढंच उतरलं. प्रक्रियेच्या अन्नावर ती भराभर जेवतही होती. मऊ, कुरकुरीत, फार चावावं न लागणारं अन्न पोटाचा निरोप डोक्यापर्यंत पोचायच्या आत संपतं. तुमची ओट्याजवळची फरसाणाची मूठ आठवून बघा.

दुसरं म्हणजे झोप. शिकागो विद्यापीठाचा २००४ चा एक छोटा प्रयोग आहे, १२ निरोगी तरुणांवर केलेला. दोन रात्री चारच तास झोपवलं, तेव्हा पोट भरल्याची खूण देणारं लेप्टिन १८ टक्क्यांनी कमी झालं, भूक चेतवणारं घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढलं, आणि ओढ वाढली ती गोड, खारट आणि पिष्टमय पदार्थांची. साडेपाच तास झोपून संध्याकाळी मनाशी कुस्ती खेळायची म्हणजे आधीच हात बांधून उतरल्यासारखं आहे.

तिसरं प्रथिनं. तुमच्या डब्यात पोळी आणि भाजी, डाळ नाही. सकाळी बिस्किटं. म्हणजे रात्रीपर्यंत प्रथिन फारच थोडं. घट्ट झाकणाचा छोटा डबा घ्या आणि मटकी-मुगाची कोरडी उसळ न्या, ती सांडत नाही. सकाळी दोन उकडलेली अंडी (१२ ग्रॅम प्रथिन), नाहीतर मुगाचं धिरडं. सातारी_फुटाणा म्हणतात ती मूठ ३० ग्रॅमची धरली तर सहा-सात ग्रॅम प्रथिन तिथेच मिळतं.

तालीमदादा, तुमचा मार्ग खोटा नाही. काही माणसांना "थोडंसं" पेक्षा "अजिबात नाही" हेच सोपं जातं. पण ज्यांचं बंधन वारंवार तुटतं आणि तुटल्यावर एका बैठकीत सगळं भरून काढलं जातं, त्यांना मी पूर्ण बंदी कधीच सांगत नाही. ताईंनी वर जे लिहिलंय ते तसंच आहे. आणि ताई, असं खाणं आणि नंतरचं रडणं वारंवार व्हायला लागलं तर डॉक्टरांशी बोला. लाजण्यासारखं त्यात काही नाही.

तालीम | १० जून, दुपारी ३.२५

पटलं. मी माझ्यावरून सगळ्यांना मोजत होतो. एवढं मात्र म्हणेन की प्रथिनाचं तालमीतही हेच आहे. सकाळच्या मेहनतीनंतर खुराक नीट झाला नाही की दुपारी पोरं दुकानाकडे पळतात.

पर्वतीपायथा | १० जून, रात्री ९.०५

"मी तर बारीक आहे" यावर लिहायचं होतं. पुणेकरांनी तरी हे माहीत करून घ्यावं. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक फोटो आला होता : आपल्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मोजली तर युडकिन ९.१ टक्के आणि याज्ञिक २१.२ टक्के. म्हणजे काटा तेच दाखवतो आणि आत दुप्पट फरक. आपल्याकडे हातपाय काडीसारखे आणि चरबी पोटात, अशी ठेवण फार.

म्हणून वजनाऐवजी टेप घ्या. आपल्या लोकांसाठी कमरेच्या घेराची मर्यादा बायकांना ८० सेंमी आणि पुरुषांना ९० सेंमी धरतात. ताई, तुमचा घेर किती?

मुठेकाठी | १० जून, रात्री ९.४०

आत्ता मोजला. ८६.

दोनदा मोजला.

पाऊसवेडा | ११ जून, रात्री १२.१८

वाचतोय. रात्री अकराच्या गोडाबद्दलही कुणीतरी लिहा. माझा सगळा दिवस चांगला जातो आणि तिथेच घसरतो.

जोंधळा | ११ जून, सकाळी ५.५०

@पाऊसवेडा, माझी आजी (बार्शीकडची) एक विचारायची. रात्री काही मागितलं की म्हणायची, "भाकरी आहे दुरडीत, देऊ?" हो म्हटलं तर भाकरी, दूध, गूळ कुस्करून द्यायची, पोटभर. नको म्हटलं तर म्हणायची, "मग भूक नाही, जा झोप." भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा म्हणतात ना, तेच. मी अजून स्वतःला हेच विचारते. अर्ध्या वेळा उत्तर "हो, भाकरी चालेल" असं येतं आणि मला कळतं की जेवणच कमी झालं होतं. उरलेल्या वेळा दात घासते, दिवा मालवते.

गाडीवाल्याची_लेक | ११ जून, दुपारी १.३०

डोंबिवलीहून. माझ्या बाबांची २२ वर्षं वडापावची गाडी होती, त्यावर आम्ही दोघी बहिणी शिकलो. धागा वाचून आधी थोडं लागलं, पण ताईंच्या आईच्या पायाचं वाचलं आणि लिहायला बसले.

वडापाव १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांच्या गाडीवर सुरू झाला असं सांगतात. ते दिवसभर अंगमेहनत करणाऱ्या गिरणी कामगारांचं खाणं होतं, हातात धरून चालता चालता खायचं. बटाटा, बेसन, पाव, तेल : साधारण २५० ते ३०० कॅलरी. पाळी संपवून आलेल्या माणसाला तो आधार होता. दिवसभर खुर्चीत बसून वर दीड तास बसमध्ये बसणाऱ्याला तो जिरवायला जागाच नाही. माझे बाबा स्वतः हे बोलून दाखवायचे, आणि मधुमेह असलेल्या ओळखीच्या गिऱ्हाइकाला दुसरा वडा देताना "काका, राहू दे" म्हणायचे.

आता तेलाचं. खायचाच असेल तर तेल बघून खा. बाबा रोजचं तेल रोज संपवायचे, उरलं तर दुसऱ्या दिवशीच्या कढईत घालायचे नाहीत. सगळ्यांना ते परवडत नाही, हे मला माहीत आहे. पुन्हा पुन्हा तापवलेलं तेल ओळखायला सोपं : वडा सोडल्यावर बारीक बुडबुड्यांऐवजी पांढरा फेस चढतो आणि लवकर बसत नाही, तेल काळपट आणि चिकट दिसतं, आच मोठी नसताना धूर येतो, आणि वास नाकात बसतो. २०१८ च्या जुलैपासून नियमही आहे, तळणीच्या तेलातली ध्रुवीय संयुगं (तेल पुन्हा पुन्हा तापवल्यावर वाढणारे खराब घटक) २५ टक्क्यांवर गेली की ते तेल वापरायचं नाही. तसा फेस दिसला तर सरळ पुढे चला. गाडीवाल्याचा मान ठेवायचा म्हणून खाऊ नका.

आणि घरी दिवाळीचं तळणीचं तेल बरणीत भरून महिनाभर वापरतो, त्यालाही हेच लागू आहे.

मुठेकाठी | ११ जून, रात्री १०.१५

तुमचं वाचून डोळे भरून आले. तुमच्या बाबांना माझा नमस्कार सांगा. कोपऱ्यावरच्या त्या काकांवर माझा राग कधीच नव्हता.

गाडीवाल्याची_लेक | ११ जून, रात्री १०.४४

बाबा चार वर्षांपूर्वी गेले. पण सांगते.

दप्तर_आणि_डबा | १२ जून, सकाळी ११.००

मला वाटतं खरी लढाई किराणा दुकानात होते. जे घरात येतं ते खाल्लं जातं. माझी दोन मुलं, वय ९ आणि १३. आमच्याकडे "पाहुण्यांसाठी" म्हणून बिस्किटांचे पुडे असायचे आणि पाहुणे यायच्या आत संपायचे. आता पाहुण्यांना चिवडा घरचा : पातळ पोहे, दाणे, डाळं, कढीपत्ता, फोडणीपुरतं तेल.

मुलांना मी एक खेळ शिकवला. पाकीट उलटं करायचं आणि घटकांची यादी वाचायची. ज्याचं वजन सगळ्यात जास्त ते आधी छापावं लागतं, असा नियमच आहे. "डायजेस्टिव्ह", "मल्टिग्रेन" लिहिलेल्या कित्येक पुड्यांवर मैदा किंवा गव्हाचं पीठ, मग साखर, मग पाम तेल, आणि ज्याचं चित्र समोर मोठं आहे ते ओट्स नाहीतर नाचणी शेवटी दोन-चार टक्के. साखरही नावं बदलून येते : ग्लुकोज सिरप, इन्व्हर्ट सिरप, डेक्स्ट्रोज. कोलाच्या ३०० मिली बाटलीत ३० ग्रॅमच्या वर साखर निघाली, तेव्हा धाकट्याने ती चमच्याने वाटीत मोजली. सात चमचे भरून वर थोडी उरली. ती वाटी बघून तो गप्प झाला. त्यानंतर त्याने कोला मागितलेला नाही, निदान घरात.

पाऊसवेडा | १२ जून, रात्री ११.४०

@जोंधळा, आजीचा प्रश्न आज विचारला. उत्तर "भाकरी नको" आलं. झोपतोय.

सातारी_फुटाणा | २४ जून, संध्याकाळी ७.१०

मुठेकाठीताई, दोन आठवडे झाले. कसं चाललंय?

मुठेकाठी | २४ जून, रात्री १०.०५

सगळं खरं लिहिते.

पहिला आठवडा वाईट गेला. साडेचारची मूठ चारदा विसरले, कारण कॉल चालू असायचे. मग फोनवर गजर लावला, आता कॉलमध्ये माइक बंद करून खाते. उसळीचा डबा सुरू केला. आणि एक बदल कुणी सुचवला नव्हता : मी बसस्टॉप बदलला. बसच्या मार्गावर एक स्टॉप अलीकडे आहे, तिथपर्यंत चालत जाते, बारा मिनिटं लागतात. त्या वाटेवर गाडी नाही.

फरसाण घरात आणायचं बंद केलं. सासूबाईंना आवडतं म्हणून आधी संकोच वाटत होता. त्यांना रिपोर्ट दाखवला, तर त्याच म्हणाल्या, "मला दोन शेवा नसल्या तर काय अडतंय?" आता मी यायच्या आधी काकडी-गाजर चिरून त्यावर दाण्याचं कूट आणि लिंबू घालून ठेवतात. कुकर होईपर्यंत ते खाते.

तरी या पंधरा दिवसांत दोनदा वडापाव खाल्ला. एकदा खूप भिजले होते. एकदा काम बिघडलं होतं आणि साहेबांचं बोलणं मनाला लागलं होतं. पहिल्याचं काही वाटत नाही. दुसऱ्याचा विचार करतेय.

आहारवेल | २५ जून, दुपारी १.५०

तुम्ही दोन वड्यांमधला फरक ओळखलात, मला त्याचा फार आनंद झाला. मन दुखावल्यावर येणारी ओढ फुटाण्यांनी जात नाही. तेव्हा खाण्याच्या आधी कुणाला तरी फोन करा, नाहीतर चाला. इंग्लंडच्या एक्झेटर विद्यापीठात चॉकलेटच्या ओढीवर प्रयोग झाले आहेत, १५ मिनिटं भराभर चालल्यावर ती कमी झालेली दिसली. तुमचा बारा मिनिटांचा रस्ता तुम्ही आधीच शोधून ठेवलाय.

झोपेचं काय झालं? त्याबद्दल काही लिहिलं नाहीत.

मुठेकाठी | २५ जून, रात्री ९.५८

झोप अजून सहाच तास. फोन दिवाणखान्यात ठेवून झोपायला सुरुवात करते आजपासून.

तालीम | १९ जुलै, सकाळी ६.४०

ताई, आषाढ चालू आहे. माझ्या आईने तळणाचा मोठा घाट घातलाय. १५ महिन्यांत पहिल्यांदा तिच्या हातची एक कापणी खाल्ली. ती किती दिवस वाट बघत होती, ते तिच्या तोंडावर दिसलं. एकच खाल्ली आणि उठलो. तुम्हाला सांगावंसं वाटलं.

मुठेकाठी | २४ सप्टेंबर, रात्री ९.३०

रिपोर्ट आला. एचबीए१सी ५.८. घेर ८२. वजन फक्त दीड किलोने उतरलं, तरी डॉक्टरांना घेर बघून बरं वाटलं. अजून उंबरठ्यावरच आहे, सहा महिन्यांनी परत तपासणी. गणपतीत मोदक खाल्ले, दोन, जेवणाबरोबर. झोप पावणेसात तासांवर आली आहे. महिन्यातून एखाददा त्या जुन्या स्टॉपवर मुद्दाम जाते, कढईत फेस नाही ना बघते, आणि उभ्याने एक वडापाव सावकाश खाते. पाव अर्धा परत देते, काका आता न सांगताच तो काढून ठेवतात.

लेकीला माझी डबी बघून तिच्याही दप्तरात डबी हवी झाली. तिला फुटाण्यांबरोबर गुळाचा खडा हवा असतो. नऊ वर्षांची आहे, दिवसभर पळत असते. रोज एक खडा चालेल ना, आहारवेलताई?

आहारवेल | २५ सप्टेंबर, दुपारी १.१५

चालेल. सुपारीएवढा. आणि खाल्ल्यावर चूळ भरायला सांगा.